एकच यादी, चार तऱ्हांनी लावायची: इंटरफेसवाल्या लिस्टचं सॉर्टिंग आणि मोडलेला करार

हळदीचा_वास (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. लिहिलंयही मीच, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कुणी नाही. जावा १७, ब्राउझरवर चालतं, तीन काउंटर आणि आत केबिनमध्ये व्यवस्थापक साहेब.

ठेव नावाचा एक इंटरफेस आहे (कोणत्या मेथड असायलाच हव्यात याचा साचा). त्यात खातेक्रमांक, खातेदार, रक्कम, व्याजदर आणि मुदतपूर्तीची तारीख देणाऱ्या मेथड. चार क्लास तो इंप्लिमेंट करतात: मुदत ठेव, रिकरिंग, पिग्मी आणि बचत. पडद्यावर सगळ्यांची मिळून एकच यादी, म्हणजे लिस्ट<ठेव>. साहेबांना ती कधी मुदतपूर्तीप्रमाणे लागते, कधी रकमेप्रमाणे. काउंटरवरच्या ताईंना नावाप्रमाणेच लागते. मथळ्यावर क्लिक केलं की यादी तशी लागली पाहिजे.

मी ठेव हा इंटरफेसच कम्पॅरेबल करून टाकला, म्हणजे दोन ठेवींत आधी कोण हे ठेवीनंच सांगायचं. 'क्रमप्रकार' नावाचं एक स्टॅटिक फील्ड ठेवलं. क्लिक झालं की ते बदलायचं आणि कलेक्शन्स.सॉर्ट म्हणायचं. चारही क्लासांच्या कम्पेअरटू या तुलनेच्या मेथडमध्ये स्विच टाकून क्रमप्रकार बघायचा. घरी वीसेक खात्यांवर मस्त चाललं. संस्थेत साडेतीन हजार खाती आहेत, तिथे आठवड्यातून दोन-तीनदा हे येतं:

कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट!

म्हणजे मी कसला तरी करार मोडलाय. सही कधी केली ते आठवत नाही. मार्चएंड जवळ आलाय, मदत करा.

(कोड वाचायला सोपा जावा म्हणून सगळा देवनागरीत लिहितोय. क्लासला ठेव असं नाव दिलं तर जावा खरंच चालवून घेतं, कीवर्डचं तेवढं तुम्ही मनात उलटं करा.)

---

जास्वंदी

स्टॅटिक फील्ड! अहो, तीन काउंटर आहेत ना?

एका काउंटरवर रकमेचं सॉर्ट चालू आहे, निम्म्या तुलना झाल्यात. तेवढ्यात दुसऱ्या काउंटरवरच्या ताई नावावर क्लिक करतात. स्टॅटिक फील्ड सगळ्यांचं मिळून एकच, ते बदलतं. पहिल्या सॉर्टच्या उरलेल्या तुलना आता नावावर होतात. मघाशी अ हा ब च्या आधी होता, आता ब हा अ च्या आधी. सॉर्टला वाटतं समोरचा माणूस शब्द फिरवतोय.

वीस खात्यांवर का चाललं तेही सांगते. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ऑब्जेक्टांच्या सॉर्टिंगला टिमसॉर्ट ही पद्धत आहे, ती लागलेले तुकडे जोडत जाते. यादी ३२ पेक्षा लहान असली तर ते सरळ इन्सर्शन सॉर्ट करतं, तुकडे जोडायची पायरीच येत नाही. आणि 'करार मोडला' ही तक्रार त्या जोडण्याच्या पायरीत असते. त्यामुळे लहान यादीवर ही चूक कधीच ओरडत नाही, गुपचूप चुकीचा क्रम देते. घरी तर तुम्ही एकटेच क्लिक करणारे, त्यामुळे तेही नसेल.

---

बिनधास्त_बिट

याचं एका ओळीचं उत्तर आहे. जावा चालू करताना 'यूझ लेगसी मर्ज सॉर्ट' ही सिस्टिम प्रॉपर्टी ट्रू करा. जुनं मर्ज सॉर्ट परत येतं आणि एरर बंद. आमच्याकडे तीन वर्षं असंच चालू आहे.

---

जास्वंदी

@बिनधास्त_बिट, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! जुनं मर्ज सॉर्ट तक्रार करत नाही इतकंच, यादी चुकीचीच लागते. तीन वर्षं तुमच्याकडे कुणी यादी नीट वाचलेली नाही असा याचा अर्थ.

---

बिनधास्त_बिट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

शून्यनिर्देशक

जास्वंदी म्हणतात ते बरोबर, पण स्टॅटिक काढून थ्रेडलोकल वगैरे ठिगळं लावत बसू नका. मुळात क्रम ठेवीच्या पोटात घातलाय ही चूक आहे.

कम्पॅरेबल म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा, एकमेव क्रम. आकड्यांना तो असतो, तारखांना असतो. ठेवीला असतो का? साहेबांना विचारलं तर तारीख सांगतील, ताईंना विचारलं तर नाव. बघणारा बदलला की क्रम बदलतो, म्हणजे तो ठेवीचा नाहीच, बघणाऱ्याचा आहे. त्याच्यासाठी कम्पॅरेटर हा वेगळा ऑब्जेक्ट असतो. ठेवीनं फक्त विचारलेली माहिती द्यायची.

जावा ८ पासून हे एका वाक्यात होतं:

ठेवी.सॉर्ट(
 कम्पॅरेटर.कम्पेअरिंग(ठेव::रक्कम)
 .देनकम्पेअरिंग(ठेव::खातेक्रमांक));

प्रत्येक मथळ्याला असा एक कम्पॅरेटर करा आणि मथळ्याच्या नावाखाली एका मॅपमध्ये घालून ठेवा. क्लिक आला की मॅपमधून काढायचा आणि सॉर्टला द्यायचा. कुणी कुणाचं काही बदलत नाही, त्यामुळे तीनच्या जागी तीस काउंटर झाले तरी फरक पडणार नाही. यादीची प्रत मात्र ज्याची त्याला वेगळी द्या. एकच सामायिक लिस्ट सगळे मिळून जागच्या जागी सॉर्ट करत असतील तर पुन्हा तोच घोळ.

खातेक्रमांक शेवटी मुद्दाम टाकलाय. पन्नास हजारांच्या ठेवी शंभर असतील, त्यांचा आपसातला क्रम कुठेतरी पक्का व्हायला हवा.

---

ओसरीवरून

वाचतेय. देनकम्पेअरिंग असतं हे आजच कळलं, मी आजवर इफ-एल्स ची माळ ओवत होते.

---

निवृत्त_हिशेबनीस

मला जावा येत नाही. पण यादी लावण्यात उभा जन्म गेलाय, म्हणून दोन शब्द.

आमच्या वेळी दिवसाची व्हाउचरं खातेप्रकारानुसार लावायची आणि प्रत्येक प्रकारात खातेक्रमांकानुसार. नवीन पोरं आधी प्रकारांचे गठ्ठे करायची आणि मग एकेक गठ्ठा घेऊन बसायची. आमचे हेडक्लार्क उलटं शिकवत. आधी सगळी चळत क्रमांकानं लावा. मग वरून एकेक उचलून प्रकाराच्या कप्प्यात टाकत जा. वरून उचललेलं कप्प्यात खाली, हा क्रम मोडायचा नाही. शेवटी प्रत्येक कप्पा आपोआप क्रमांकानं लागलेला असतो.

तुमच्या मशीनमध्ये असं काही असतं का?

---

शून्यनिर्देशक

काका, अगदी हेच असतं. याला स्टेबल सॉर्ट म्हणतात: ज्यांची तुलना सारखी येते त्यांचा आधीचा क्रम मोडायचा नाही. पायथॉनवाले तर तुमच्या हेडक्लार्कांसारखंच करतात, आधी दुय्यम निकषानं सॉर्ट, मग मुख्य निकषानं. टिमसॉर्ट मुळात पायथॉनसाठीच टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलं. जावानं ते तिथून उचललं.

---

डेल्फीकर

सगळीकडे असं नसतं हो काका. मी अजून डेल्फीत आहे (हसा). टीलिस्ट चं सॉर्ट क्विकसॉर्ट आहे, आधीचा क्रम राहील याची खात्री नाही. हेडक्लार्कांची युक्ती तिथे लावली तर कप्प्यातली व्हाउचरं विस्कटतात. म्हणून सगळे निकष एकाच कम्पॅरर मध्ये घालायचे.

आणि तुम्हाला सुख टोचतंय. डेल्फी २००९ मध्ये जेनेरिक्स आणि अनामिक मेथड आल्या, तेव्हा कुठे टीकम्पॅरर.कन्स्ट्रक्ट म्हणून जागच्या जागी तुलना लिहिता यायला लागली. त्याआधी इंटरफेसांची यादी म्हणजे टीइंटरफेसलिस्ट, आणि तिला सॉर्टच नव्हतं. एक्सचेंज वापरून क्विकसॉर्ट स्वतः लिहायचो, प्रत्येक निकषाला एक. कॉपी-पेस्ट करताना एका ठिकाणी पेक्षा-लहानचं चिन्ह उलटं राहिलं होतं, ते दीड वर्षानं सापडलं.

---

खिडकीजवळची_जागा

सी शार्पमध्ये तर दोन्ही तऱ्हा एकाच घरात नांदतात. लिस्टचं सॉर्ट अस्थिर, लिंक (LINQ) लायब्ररीचं ऑर्डरबाय स्थिर. यादी एका ठिकाणी सॉर्टनं आणि दुसऱ्या ठिकाणी ऑर्डरबायनं लावली, तर सारख्या रकमांच्या ओळी दोन पडद्यांवर वेगवेगळ्या दिसतात. मग टेस्टर फोन करते.

---

हळदीचा_वास

सगळ्यांचे आभार. कम्पॅरेबल काढलं, स्टॅटिक फील्ड पुरलं, मॅप केला. चारही क्लासांतले स्विच गेले, दीडशे ओळी कमी झाल्या. काल टाकलं.

आज सकाळी पुन्हा तीच एरर. काउंटर अजून उघडायचे होते, एकटे साहेबच बसले होते. म्हणजे आता दोघांच्या क्लिकचा प्रश्नच नाही.

रकमेचा आणि नावाचा मथळा ठीक आहे. मुदतपूर्तीच्या मथळ्यावर येते, आणि साहेब म्हणतात कधीकधी व्याजदराच्याही. ते दोन मी हातानं लिहिले होते. मुदतपूर्तीचा असा:

जर दोन्हींना मुदतपूर्ती असेल, तर तारखांची तुलना
नाहीतर, खातेदाराच्या नावांची तुलना

बचत खात्याला मुदत नसते, तिथे नल (काहीच नाही) येतं. म्हणून म्हटलं, तारीख नसेल तिथे नाव बघू. यात काय चुकलं?

व्याजदराचा तर साधाच आहे:

रिटर्न (इंट)(अ.व्याजदर() - ब.व्याजदर());

---

जास्वंदी

सापडलं. दोन्ही कम्पॅरेटर करार मोडतात. तारखेचा जास्त मजेशीर आहे, म्हणून तो आधी घेते.

तीन खाती धरा:

विठ्ठल, मुदत ठेव, १० जानेवारीला पुरी होणार.
अनिल, मुदत ठेव, ५ मार्चला पुरी होणार.
मंगल, बचत खातं, तारीख नाही.

विठ्ठल आणि अनिल: दोघांना तारीख आहे, जानेवारी आधी. विठ्ठल आधी, अनिल नंतर.
अनिल आणि मंगल: एकीला तारीख नाही म्हणून नाव बघायचं. अनिल आधी, मंगल नंतर.
मंगल आणि विठ्ठल: पुन्हा नाव. मंगल आधी, विठ्ठल नंतर.

आता लावा बघू रांग. विठ्ठलच्या मागे अनिल, अनिलच्या मागे मंगल, मंगलच्या मागे विठ्ठल. ही रांग नाही, फुगडी आहे! कुणालाही पहिलं उभं केलं तरी त्याच्या पुढे कुणीतरी असायला हवा. करार म्हणतात तो हाच: अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल, तर अ हा क च्या आधी असलाच पाहिजे. सॉर्ट प्रत्येक जोडी तपासत नाही, या नियमावर विसंबून बऱ्याचशा तुलना वाचवतं. नियमच खोटा निघाला की जोडताना तुकडे जुळत नाहीत.

प्रत्येक जोडी सुटी बघितली तर तुमचं उत्तर शहाण्यासारखंच वाटतं, म्हणून ही चूक वाचून दिसत नाही. घोळ तिघं एकत्र आले की होतो. तेव्हा एक खूणगाठ बांधा: कोणता निकष लावायचा हे जोडी बघून ठरत असेल तर थांबायचं. निकषांची उतरंड सगळ्यांना एकच हवी. तारीख नसणं हीसुद्धा तारखेच्या रांगेतली एक जागा आहे, तिला शेवटी बसवा:

कम्पॅरेटर.कम्पेअरिंग(ठेव::मुदतपूर्ती,
 नल्सलास्ट(नॅचरलऑर्डर()))
 .देनकम्पेअरिंग(ठेव::खातेदार)
 .देनकम्पेअरिंग(ठेव::खातेक्रमांक)

यात बचत खाती सगळ्यात खाली, आपसात नावानं लागलेली येतील. 'नल दिसलं की शून्य परत करा' असा सल्लाही कुणी देईल, तो घेऊ नका. शून्य म्हणजे सारखे. मंगल ही विठ्ठलसारखी आणि अनिलसारखीही, पण विठ्ठल आणि अनिल सारखे नाहीत. पुन्हा फुगडीच.

आता व्याजदर. ८.५० वजा ८.०० म्हणजे ०.५०. त्याला इंट (पूर्णांक) केलं की शून्य. म्हणजे ८ आणि साडेआठ टक्के सारखे. साडेआठ आणि नऊ सारखे. पण ९ वजा ८ एक येतो, म्हणजे नऊ मोठा. अर्ध्या टक्क्यासाठी माणसं दुसऱ्या संस्थेत ठेव हलवतात आणि तुमच्या कोडला तो दिसतच नाही. वजाबाकीनं तुलना करायची सवय सोडा. कम्पेअरिंग(ठेव::व्याजदर) म्हणा, आतला टाइप आपलं आपण बघून घेतो.

---

हळदीचा_वास

फुगडी! वहीत तीन नावं लिहून बाण काढले तेव्हा पटलं.

एक विचारू? वजाबाकी आम्हाला कॉलेजात शिकवली होती. फळ्यावर लिहून.

---

शून्यनिर्देशक

सगळ्यांनाच शिकवली होती. लहान, धन पूर्णांकांवर चालते, म्हणून चालत राहते. दोन्ही इंट धन असतील तर वजाबाकी ओव्हरफ्लो (मर्यादेबाहेर) होतच नाही, त्यामुळे शिकवणाऱ्या सरांना कधी फटका बसला नसणार. एक आकडा मोठा धन आणि दुसरा मोठा ऋण झाला की फरक २१४ कोटींच्या पलीकडे जातो आणि चिन्ह उलटतं. रक्कम पैशांमध्ये लाँग म्हणून ठेवली असेल आणि फरकाला इंट केला, तर हीच मर्यादा रुपयांत सव्वादोन कोटींच्याही आतच येते.

---

गोफणगुंडा

एवढी सगळी कसरत कशाला? डेटाबेसकडूनच ऑर्डर बाय करून घ्या. सॉर्टिंग हे डेटाबेसचं काम.

---

शून्यनिर्देशक

एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण यांच्या चार ठेवी चार टेबलांत असणार, आणि रिकरिंगची आजची रक्कम किंवा पिग्मीचं व्याज हिशेब करून निघत असणार. ते कॉलमात नसेल तर ऑर्डर बाय कशावर लावायचं? साडेतीन हजार ओळींना फार तर चाळीस-एक हजार तुलना लागतात, पापणी लवायच्या आत होतात. लाखो ओळी आणि पानं पाडायची असतील तर डेटाबेस. तिथेही शेवटी खातेक्रमांक हवाच, नाहीतर सारख्या रकमेची एखादी ओळ पहिल्या पानावर दिसते आणि दुसऱ्यावर पुन्हा.

---

हळदीचा_वास

चारही टेबलं वेगळी आहेत, बरोबर ओळखलंत.

आता नवीन मागणी आलीय. साहेबांना यादी पिग्मी एजंटप्रमाणे लावून हवी. एजंट फक्त पिग्मीला असतो, इंटरफेसमध्ये ती मेथडच नाही. इन्स्टन्सऑफ करू का (ही ठेव पिग्मी आहे का, असं विचारून)? की ठेव इंटरफेसमध्ये एजंट घालून बाकी तिघांत नल परत करू?

---

खिडकीजवळची_जागा

इंटरफेसमध्ये घालू नका. आज एजंट, उद्या दामदुप्पट योजनेचं काहीतरी, परवा तारण. वर्षाभरात त्या इंटरफेसला अठरा मेथड होतील आणि प्रत्येक क्लास त्यातल्या बारांना नल म्हणेल.

---

डेल्फीकर

मी घातलं असतं. पडद्यावर 'एजंट' नावाचा कॉलम आहे ना? बचतीसमोर तो रिकामा दिसतो ना? मग पडद्याच्या दृष्टीनं प्रत्येक ओळीला एजंट आहे, कधी रिकामा. तत्त्वज्ञानापेक्षा कॉलम बघा.

---

जास्वंदी

दोघांच्या मधलं सांगते. आधी साहेबांना विचारा, एजंटप्रमाणे लावताना त्यांना बाकी ठेवी दिसायला हव्यात का? माझा अंदाज, नकोत. मग पिग्मीच तेवढ्या गाळून लिस्ट<पिग्मी> करा आणि पिग्मीचा कम्पॅरेटर लावा, इन्स्टन्सऑफ चा प्रश्नच मिटला. पाठोपाठ नावाचा क्रम हवा असेल तर ठेवीसाठी लिहिलेला कम्पॅरेटर या यादीवर तसाच चालतो, नवा लिहायला नको. लिस्ट<पिग्मी> ही लिस्ट<ठेव> नाही हे खरं, जावा एकीच्या जागी दुसरी घेत नाही. पण सॉर्ट 'पिग्मी किंवा तिच्या वरच्या कशाचाही' कम्पॅरेटर घेतं. जो सगळ्या ठेवींची तुलना करू शकतो त्याला पिग्मींची करायला काय अडचण?

सगळ्या एकत्र दिसायला हव्या असतील, तर इन्स्टन्सऑफ की काढण्यापुरतं चालेल: ठेव घ्या, पिग्मी असेल तर एजंट द्या, नाहीतर नल, आणि बाहेरून नल्सलास्ट. तुलनेच्या आत इन्स्टन्सऑफ नको, तिथे पुन्हा जोडी बघून निकष बदलायचा मोह होतो.

---

खिडकीजवळची_जागा

हे सी शार्पमध्येही चालतं, पण २०१० च्या सी शार्प ४ पासून. त्याआधी आयकम्पॅरर<ठेव> हा लिस्ट<पिग्मी> ला देता येत नव्हता, मध्ये एक रिकामटेकडा क्लास लिहायला लागायचा. आमच्याकडे तसे अकरा होते.

---

बंगळुरूचा_पाहुणा

गो वाल्यांचं काय विचारता. तिथे सॉर्ट हाच एक इंटरफेस होता: लांबी सांगा, कोण लहान ते सांगा, अदलाबदल करा. म्हणजे प्रत्येक क्रमासाठी यादीचा एक नवा टाइप आणि त्यावर तीन मेथड. २०१७ ला सॉर्ट.स्लाइस आलं तेव्हा सुटलो, २०२३ पासून स्लायसेस.सॉर्टफंक आहे. दोन्ही अस्थिर, स्थिर हवं तर वेगळं फंक्शन.

अवांतर: धागाकर्त्यानं क्लासला 'ठेव' नाव दिलंय, गो मध्ये ते कम्पाइलच होणार नाही. नावात अक्षरं आणि अंक चालतात, मात्रा चालत नाही. 'बचत' चालेल, पण भाषेला कॅपिटल अक्षर सापडणार नाही म्हणून पॅकेजबाहेर दिसणार नाही.

---

ओसरीवरून

माझाही एक किस्सा. कंपनी सांगत नाही. एकीनं विचार केला, सारखं सॉर्ट कशाला करायचं, ट्रीसेट वापरू, ते कायम लागलेलंच असतं. कम्पॅरेटर दिला तारखेचा. ट्रीसेट कम्पॅरेटरनं शून्य म्हटलं की ती वस्तू आधीच आहे असं समजतं आणि नवी घेतच नाही. एका दिवसाची एकच नोंद उरली. एरर नाही, काही नाही. महिन्याची बेरीज जुळेना तेव्हा शोधाशोध. ती एकजण मीच, हे सांगायला नकोच.

---

शून्यनिर्देशक

म्हणूनच शेवटी खातेक्रमांक!

---

हळदीचा_वास

चार दिवस झाले, एरर नाही. साहेबांना पिग्मीच तेवढ्या हव्या होत्या, जास्वंदीताई, अंदाज बरोबर.

एक गंमत झाली. दुसऱ्यांदा क्लिक केलं की उलटा क्रम, म्हणून मी अख्ख्या कम्पॅरेटरला रिव्हर्स्ड लावलं. तर मुदतपूर्ती उलटी झालीच, बचत खाती उडी मारून सगळ्यात वर बसली आणि नावंही उलटी लागली.

---

जास्वंदी

रिव्हर्स्ड त्याच्या आधीची सगळी साखळी उलटवतं, नल्सलास्ट सकट. तारखेपुरतंच उलटं हवं असेल तर आत नल्सलास्ट(रिव्हर्सऑर्डर()) द्या, बाकी साखळी तशीच. बचत खालीच राहील.

---

हळदीचा_वास

झालं. आता शेवटची तक्रार, आणि ही काउंटरवरच्या ताईंची. नावाप्रमाणे लावलेल्या यादीत 'काळे' हे 'कावळे' च्या आधी येतात. आणि 'ॲड.' लावलेले सगळे वकील ह च्याही खाली, यादीच्या तळाला. त्यातले दोन मात्र अ मध्येच. वकिलांत ही फूट कशी पडली?

---

बंगळुरूचा_पाहुणा

स्ट्रिंगची साधी तुलना वर्णमाला बघत नाही, युनिकोडमधला क्रमांक बघते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या मागोमाग, व च्या आधी बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर.

वकिलांचं कारण वेगळं. 'ॲ' हे आख्खं अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं, त्याला ह च्या बऱ्याच पुढचा क्रमांक मिळाला. ते दोघं ज्या कीबोर्डवरून नोंदवले गेले त्यानं 'अ' आणि वर चंद्र असं दोन तुकड्यांत लिहिलं असणार. दिसायला सारखंच, पण ते अ मध्ये बसतं. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननंही हे दोन एक होत नाहीत, नोंद करतानाच तुम्हाला बदलून घ्यावं लागेल. आणि 'ॲड.' हे नाव नाही, त्याला वेगळं फील्ड करा.

ळ साठी आयसीयू लायब्ररीतला मराठी लोकेलचा कोलेटर (भाषेच्या वर्णक्रमानं तुलना करणारा) घ्या. कोलेटर हा स्वतःच कम्पॅरेटर असतो, त्यामुळे देनकम्पेअरिंग(ठेव::खातेदार, कोलेटर) इतकंच करायचं. एक मात्र सांभाळा: तो सगळ्या काउंटरांना मिळून एकच ठेवणार असाल तर आधी फ्रीझ करा, नाहीतर पहिल्या प्रतिसादात जे झालं त्याचीच आवृत्ती होईल.

---

निवृत्त_हिशेबनीस

आणि क्षीरसागर कुठे लावणार? वर्णमालेत क्ष शेवटी. पण आमच्या निर्देशिकेत क्षीरसागर क च्या पानावरच असत, क्षणभरही कुणी शेवटी शोधत नसे.

---

हळदीचा_वास

काका, ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या शेवटी. साहेब म्हणाले क मध्ये. म्हणून कपाटातलं जुनं सभासद रजिस्टर काढलं. क च्या पानावर तीन क्षीरसागर आहेत. ज्ञ च्या आधी वेगळं पान करून आणखी दोन आहेत, आणि त्यातला एक दोन्हीकडे आहे.